लुंबिनीचा रुपया

नवा माणूस भेटला की लोक त्याला गाव विचारतात, नोकरी विचारतात आणि आडून आडून जातही काढून घेतात. कौतिकामाय यातलं काही विचारत नसे. समोरच्याला एकदा नीट न्याहाळायची आणि म्हणायची, "तू झाला तवा तुह्या मायपाशी कोन होतं?"

मी अकोल्याहून अमरावतीला शाळामास्तर म्हणून आलो आणि तिच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा हा प्रश्न माझ्याही वाट्याला आला. हातात ट्रंक, काखेत वळकटी आणि दारात ही उंच, हाडापेरानं मजबूत बाई. मी म्हटलं, "म्हणजे काय?" "म्हन्जे तुले हातावर कोनं घेतलं?" मला ठाऊक नव्हतं. "दिवाळीले घरी जाशीन तवा विचारजो," ती म्हणाली आणि माझी वळकटी आत नेऊन ठेवली. दिवाळीत मी आईला खरंच विचारलं. आई आधी लाजली, मग म्हणाली, "तानाबाई होती. दोन दिवस हलली नाही माझ्याजवळून." त्यानंतर ती दुपारभर त्या तानाबाईबद्दलच बोलत होती. हे नाव मी त्यापूर्वी घरात कधी ऐकलं नव्हतं.

कौतिकामाय एका प्रसूतिगृहात दाई होती. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत गँगमन होता, तो तरुणपणीच गेला. एक लेक, ती अकोल्याला दिलेली. बोलणं असं रोखठोक की पुण्याकडच्या माणसाला वाटावं, बाई भांडायला आली आहे. प्रत्यक्षात ती चहाला बोलावत असायची. नखं कायम बोटाच्या कडेपर्यंत कापलेली. पाणी उकळल्याशिवाय लेकराला लावू द्यायची नाही, कोणाच्या सासूनं कुरकुर केली तर म्हणायची, "चुलीले लाकडं नसन तर माह्या घरून आन. पन थंडं पानी नाई लावू देनार मी." आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातची. त्यामुळे ती साऱ्यांचीच माय होती, आणि कोणालाही रस्त्यात उभं करून रागवायचा हक्क तिला आपोआप मिळाला होता.

छप्पन साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली होती. त्यानंतर आमच्याकडे सभा फार व्हायच्या. अशाच एका सभेत नागपूरचे एक वक्ते बुद्धजन्माची कथा सांगत होते. मायादेवी माहेरी निघाली, वाटेत लुंबिनीच्या बागेत तिला कळा लागल्या, सालवृक्षाची फांदी धरून ती उभ्यानंच प्रसूत झाली. वक्ते रंगात आले होते. तेवढ्यात बायकांतून माय उठली.

"उभ्यानं झाली म्हन्ता, ते खरं असन. उभ्यानं सोपं जाते. पन खाली हात कोनं धरला?"

वक्ते म्हणाले, "बरोबर दासी होत्या ना."

"दासी म्हन्जे दाई नाई, साहेब. पहिलटकरीन बाई, रानातली जागा, माहेर दूर. तिच्यापाशी समजदार अशी कोन होती, ते सांगा."

वक्त्यांनी पाण्याचा पेला उचलला. अध्यक्षांनी मायला खाली बसायला सांगितलं, ती बसलीही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिला सांगितलं की लुंबिनीला एक जुना दगड आहे, त्याच्यावर तो सगळा प्रसंग कोरलेला आहे. "दगडावर हाय? मंग पाहूनच येतो," माय म्हणाली. तिच्या आयुष्यात एवढी एकच इच्छा मी पाहिली. लेकीच्या लग्नातही तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

बाळंतपण नीट पार पडलं की दाईला लुगडं देण्याची आमच्याकडे रीत. माय आता लुगडं घेईना. "लुंबिनीचा एक रुपया दे," म्हणायची. वस्तीत मूल झालं की बाप आधी तिचा रुपया काढून ठेवी. पोरं तिला फॉरेनवाली म्हणून चिडवत. ती म्हणे, "बुद्धाच्या गावाले परदेश म्हन्ता काहून रे?" पण लुंबिनी पडते सरहद्दीपलीकडे, नेपाळात, आणि तिथला रुपया वेगळा. तेव्हा तो आपल्या सोयीचा होता. आपल्या शंभराचे तिकडे एकशेसाठ मिळत. हे ऐकून मायला भारी आनंद झाला होता. आपल्या पोरांचे रुपये पलीकडे गेल्यावर वाढतात, असं ती येईल त्याला सांगे.

सहासष्टच्या जूनमध्ये सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं. मी पेपर वाचून तिला म्हटलं, "माय, रुपया पडला."

"कोनं पाडला?"

"आपल्याच सरकारनं."

"आपलाच रुपया, आन् आपनच पाडला?" तिनं विचारलं. "मंग उचलते कोन?"

याचं उत्तर मला काय, दिल्लीतही कोणाला देता येत नव्हतं. डॉलर-पौंडांची भानगड आहे, आपण थोडेच अमेरिकेला चाललो, अशी मी तिची समजूत घातली. पण झालं होतं ते असं, की आपला रुपया खाली आला आणि नेपाळनं त्यांचा होता तिथंच ठेवला. दिवाळीनंतर बडनेऱ्याचा एक फिटर लुंबिनी करून आला, त्यानं सांगितलं, "आता शंभराले शंभर भेटते. वर एखांदा." आमचा सगळा बेत जुन्या भावावर आखलेला. सरहद्दीपलीकडच्या भैरहव्याच्या बाजारातून सगळ्यांना जीप, दोन दिवस मुक्काम, जेवण. यातलं निम्मंही बसेना. माय, तिचा दीर श्रावणदादा, मी आणि वस्तीतले आणखी दोघं असे आम्ही पाच जण जाणार होतो. श्रावणदादा म्हणाला, "भावजय, दोन वर्सं थांबू. भाव चढला का जाऊ."

"भाव चढन, भाऊजी. पन मी उतरून राहिली, त्याचं का?" माय म्हणाली. साठी उलटून गेली होती तिची. मग कोणी थांबायचं नाव काढलं नाही.

तोड तिनंच काढली. शेंदूरजनाघाटच्या एका बागवानाच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं तिनं केली होती. त्याच्याकडून तिनं संत्र्यांच्या दोन करंड्या आणल्या. "रुपया पडते. संत्रं कोनी पाडत नाई. तिकडं नेऊन इकू." आम्हाला सगळ्यांना ती युक्ती पटली, अगदी मलासुद्धा. संत्रं म्हणजे आपलंच, जगात दुसरीकडे कुठं पिकत असेल, हा विचार वऱ्हाडी माणसाच्या डोक्यात येत नाही. गाडीत त्या करंड्यांवर पाय ठेवायला तिनं कोणाला दिला नाही. मात्र डब्यातल्या प्रत्येक लेकराला एक एक संत्रं देत गेली, त्यामुळे गोरखपूर येईपर्यंत एक करंडी अर्धी झाली होती.

सरहद्द ओलांडून आम्ही भैरहव्याच्या बाजारात शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. पहाडातून उतरलेली माणसं पाठीवरच्या उंच टोपल्या रिकाम्या करत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग. आमच्या करंड्या पाहून एक विक्रेता हसला, एक फळ सोलून त्यानं मायच्या हातावर ठेवलं. तिनं फोड खाल्ली, बी थुंकली, सालाचा वास घेतला. "गोड हाय," ती म्हणाली. "आन् साल बी सुटं हाय." मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. श्रावणदादा डोक्याला हात लावून करंडीवरच बसला.

जीपचे पैसे नव्हते. बैलगाडी सगळ्यांना परवडेना. पुढं सात-आठ कोस कच्चा रस्ता. मी म्हटलं, "माय, तू आणि दादा गाडीनं जाऊन या. आम्ही तिघं इथं थांबतो. तू पाहिलंस म्हणजे सगळ्यांनी पाहिलं."

"असं काहून? रुपये साऱ्या वस्तीचे हायेत. मी गाडीत बसून जाऊ आन् तुमी इथं संत्रे राखत बसान? भाऊजीचे गुडघे गेले, त्यायले गाडी कर. आपन पायी."

श्रावणदादा, वळकट्या आणि संत्री गाडीत. आम्ही चौघं मागून. थंडीचे दिवस, दोन्हीकडे मोहरीची पिवळी शेतं. माय सगळ्यांच्या पुढं. वाटेत भेटेल त्या बाईशी ती वऱ्हाडीत बोले, ती बाई आपल्या बोलीत उत्तर देई, आणि दोघींचं नीट जमे. तिची चप्पल तुटली, तेव्हा ती हातात घेऊन चालली. मी रडकुंडीला आलो होतो. तिला जाणवलं असावं. "मास्तर, त्या मायादेवीचे दिवस भरले होते रे," ती म्हणाली. "माहे त पायच दुखून राह्यले."

दिवस कलताना पोचलो. एक ठेंगणं पांढरं देऊळ, एक खांब, एक तळं. फारसं कोणी नव्हतं. आत दिव्याच्या उजेडात तो दगड. शतकानुशतकं लोकांचे हात फिरून तो इतका झिजला आहे की माणसं ओळखायची ती नुसत्या उभं राहण्यावरून. फांदीकडे हात नेलेली मायादेवी, पायाशी बाळ, आणि अगदी लगटून आणखी एक बाई. मायनं रखवालदाराला बोट दाखवून विचारलं. तो म्हणाला, "रानी की बहन हैं, माई."

"बहीन असो का कोनी असो," माय माझ्याकडे वळून म्हणाली. "तिचं उभं राहनं पाह्य. पायानं वजन घेऊन राहिली ते. नुसतं पाह्यनारी बाई अशी कलत नाई." आणि रखवालदाराला विचारून तिनं आपला हात मायादेवीवर नाही, त्या दुसऱ्या बाईच्या झिजलेल्या खांद्यावर ठेवला. त्या वेळी मला रडू आलं ते मी लपवलं नाही. बाकीचे तळ्याचं पाणी बाटलीत भरत होते. त्यांच्यावर मात्र ती जाता जाता ओरडलीच, "घरी नेऊन उकळा ते."

नोकरी संपल्यावर माय लेकीकडे अकोल्याला राहायला गेली आणि दोन वर्षांत तिथंच वारली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. लेकीनं मला चहा दिला. मला त्या घरात माय दिसेना. मला ती दिसते लुंबिनीहून परतल्यानंतरच्या सभेत.

अध्यक्षांनी तिला आग्रहानं व्यासपीठावर बोलावलं आणि परदेशप्रवासाचे अनुभव सांगायची विनंती केली. माय वर गेली नाही. बायकांमध्ये होती तिथंच उभी राहिली, पदर सारखा केला. रुपयाचं, पायांचं, संत्र्यांचं काही बोलली नाही.

"दगडावर बाई हाय," ती म्हणाली. "मायादेवीले धरून उभी हाय. नाक-डोये झिजून गेले, तोंड वळखू येत नाई. नाव कोनाले माहीत नाई. पन ते पोरगी रानात एकटी नवती."

ती बसणार होती, पण मागच्या रांगेतल्या तिच्यासारख्याच दोन म्हाताऱ्या दाया तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. माय त्यांच्याकडे वळली आणि फक्त त्यांनाच म्हणाली, "मी हात लावून आली, बाई."