ओल्या आंब्याचं गिऱ्हाईक

मुंबईची उपनगरं बघायला मुद्दाम कुणी जात नाही. जुहूची चौपाटी बघितली, भेळ खाल्ली, झालं. पण माझा सगळ्यात लाडका प्रवास विचाराल तर मी काश्मीर सांगणार नाही. ऐंशीच्या दशकात सासऱ्यांबरोबर चेंबूरपासून मुलुंडपर्यंत केलेली वणवण सांगेन, आणि तीही लाकूड विकायला. हसा, हसा. माझी आईसुद्धा हसली होती.

मी घाटकोपरची. लग्न होऊन गेले संगमेश्वरच्या बाजूच्या एका वाडीत. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे, आणि आबांची सॉ मिल होती. आमच्या घाटकोपरला मिल म्हटलं की कापडाची, भोंग्याची. इथली मिल म्हणजे पत्र्याची शेड, एक आरा आणि भुशाचा डोंगर. मला ती बघताक्षणी आवडली. ओंडक्यातून फळी सुटताना जो ओला, गोडसर वास यायचा, त्यात मी चुलीवरचं कालवण विसरायचे. सासूबाई म्हणायच्या, ही बघा, लागली परत तंद्री.

त्या वर्षी आश्विनातल्या वादळानं वाडीतले जुने रायवळ आंबे आडवे केले. घरोघरचे ओंडके आबांनी नुसत्या शब्दावर मिलवर आणले: विकलं की ज्याचं त्याला. कापून फळ्या रचल्या. पण आंब्याचं लाकूड नाजूक. ओलं आहे तोवर गोरंगोमटं. दिवस गेले की निळेकाळे डाग, मग कीड, मग नुसता भुगा. एवढा माल वाळवायला आमच्याकडे आडोसा नव्हता, आणि जवळच्या बाजारात घेणार कोण? पडलेले आंबे सगळ्यांच्याच दारात. शिवाय एक व्यापारी आरा विकत घ्यायला टपून बसला होता. माल गेला नाही तर वाडीचं देणं भागवायला आरा जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि बोलत कुणी नव्हतं. आऱ्याशिवाय आबा म्हणजे काय, याची कल्पनाच मला करवेना.

नवऱ्याला मिल सोडता येईना. आबांना मुंबईची वाट ठाऊक नाही, मला मुंबई तोंडपाठ. मग आबाच म्हणाले, "चल गो सूनबाय. तू वाट दाव, मी लाकूड दावतो."

संगमेश्वरहून लाल एसटी. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, त्यामुळे मुंबई-गोवा रस्त्याला पर्यायही नव्हता. कशेडी घाटात खिडकीची जागा मिळाली तर बघा. चांदण्यात दरी रुपेरी होते आणि वळणं काही संपत नाहीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. माझ्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले आंब्याच्या फळीचे तुकडे होते, नमुना म्हणून. सुकून तडकू नयेत म्हणून आबा थांब्याथांब्यावर त्यावर पाणी शिंपडायचे. माझं लुगडं भिजून चिंब. शेजारची बाई म्हणाली, मासळी आहे का हो?

पहाटे चेंबूरला उतरलो. मार्गशीर्षातलं धुकं, त्यात कारखान्यांचा धूर मिसळलेला, आणि त्यातून पिवळे दिवे लावून बेस्टची बस अशी अलगद आली की मला वाटलं मी अजून झोपेतच आहे. माहेरी गेलं की मला नेहमीच असं होतं. ओळखीची दुकानं असतात, पण सगळं जरा पाण्याखाली असल्यासारखं. घाटकोपरला आईनं चहाबरोबर पाव दिला, आबांनी तो दोन्ही हातांनी धरून खाल्ला, आणि आम्ही लगेच साकीनाक्याला निघालो.

साकीनाक्याला तेव्हा गल्लीगल्लीत छोटे कारखाने. खोकी बनवणारेही बरेच, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग भरून पाठवायची लाकडी खोकी. मला वाटलं, इथेच काम फत्ते. पण आबांची एक पद्धत होती, ती मी विसरले होते. त्यांच्या मिलवर गिऱ्हाईक आलं की ते आधी खडू घ्यायचे आणि फळीवरच्या गाठी, चिरा, डाग, जे जे वाईट असेल त्याभोवती गोल काढायचे. मग भाव. गावात सगळे ह्यावरच जीव टाकायचे. साकीनाक्याच्या मालकापुढे त्यांनी गोणपाट सोडलं, खिशातून खडू काढला आणि सुरुवात केली: ही गाठ, ही चीर, आणि मुख्य म्हणजे माल ओला हाय.

मालक चांगला माणूस होता. त्यानं चहा पाजला आणि समजावलं की ओल्या फळीला खिळा मारला की ती सुकल्यावर खिळा ढिला होतो, वर आतल्या लोखंडाला गंज. वाळवून आणा, मग बघू.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आबा, ही मुंबई आहे. इथे आधी चांगलं सांगायचं असतं."

"आपली खोट आपण सांगावी गो. गिराकाला हुडकायला लावू नये."

 मनात आलं, वाट लागली.

दुसऱ्या दिवशी अंधेरी. फर्निचरवाल्यांकडे गेलो. एकानं नमुन्याला नख लावलं, नखाला ओल लागली, आणि तो कारागिरांना बोलावून ते दाखवायला लागला. सगळे हसले. आबाही त्यांच्यात हसले, ते मला सहन झालं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी त्यांना तिथून ओढतच बाहेर काढलं आणि बस पकडून सरळ जुहूला नेलं.

जुहूला जायचं तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपार उतरताना जावं. गर्दी नसते, भेळवाल्यालाही बोलायला वेळ असतो, आणि ओली वाळू आरशासारखी लांबवर चकाकत राहते. आबांनी चपला हातात घेतल्या. मी भेळ आणली, त्यांना तिखट लागली, आणि वर त्यांनी भेळवाल्याला विचारलं की तुझ्या ठेल्याची फळी कसली? मग आम्ही नुसते बसून राहिलो. माणसं, फुगे, घोडे, सगळं उन्हात विरघळत चाललं होतं. मला एकदम वाटलं, आपल्या वाडीतले ते सगळे आंबे पडलेलेच नाहीत, हे समुद्राचं स्वप्न संपलं की तिथेच उभे असतील. मी आबांना ते बोलून दाखवलं. ते म्हणाले, मलाबी रोज सकाळी तसंच वाटतं, मग अंगणात जातो नि ऊन लागतं.

तिथेच मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की उद्या बोलेन मी, ते नुसते उभे राहतील.

बोरिवलीला मग मीच बोलले. दारंखिडक्या करणाऱ्या एका कारखानदारापुढे मी आमच्या आंब्याचं असं वर्णन केलं, जसं स्थळ सुचवताना बायका मुलीचं करतात. रंग बघा, रेषा बघा, कोकणच्या लाल मातीतलं झाड. गृहस्थ खूश. म्हणाले, वाळलेलंच असेल ना? मी श्वास घेतला. तेवढ्यात मागून आबांनी खाकरून सांगितलं, "नाय, ओला हाय."

परतीच्या वाटेवर मी अबोला धरला. खोटं सांगितलं असतं तर ओला माल पोचल्यावर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, हे मलाही कळत होतं. म्हणून तर राग जास्त येत होता. बोरिवली स्टेशनबाहेर तेव्हा गरम बटाटेवडे झकास मिळायचे. ते त्यांनीच आणले आणि निम्म्याहून जास्त माझ्या पुढ्यात सरकवले. खाऊन झाल्यावर अबोला सुटला.

चौथ्या दिवशी भांडुपला एका वखारीत जायचं ठरलं होतं. आईचं म्हणणं, ती शेवटची, नाहीतर गावी जा, उगाच पायपीट कशाला. घाटकोपरहून आग्रा रोडनं बस. आबा पुढच्या सीटवर, मी खिडकीशी. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, त्यांवर बोगनवेल, आणि डावीकडे धुक्यातून हळूहळू वर येणारे डोंगर. बघता बघता माझी लागली तंद्री. कंडक्टरनं खांद्याशी येऊन सांगितलं तेव्हा बस रिकामी, आणि आम्ही मुलुंडच्या चेकनाक्याला. आबांना भांडुप कुठलं ते माहीत नाही, ते आपले माझ्या भरवशावर बसलेले.

आलो तसंच परत चालत जाऊ या म्हटलं. चुकून गेलात तरी हा भाग पायी फिरा असं मी आजही सांगेन, फक्त आता डोंगर शोधावा लागतो. तेव्हा रस्ता संपला की गवत, गवत संपलं की जंगलाचा पायथा, आणि अधेमधे नव्या इमारतींचे सांगाडे. अशाच एका सांगाड्यापाशी आबा थबकले. वरच्या मजल्यावर लोखंडी सळया बांधलेल्या, त्यांच्याखाली फळ्या अंथरलेल्या, आणि एक बाई नळीनं त्या फळ्यांवर पाणी मारत होती. चांगल्या कोरड्या, वाळलेल्या फळ्यांवर.

"ही फळ्या का गो भिजवते?"

मला काय माहीत? पण आबा तोवर आत शिरले होते.

तिथले सेंटरिंगवाले होते गायकवाड. मराठवाड्यातून आलेले, आवाज मोठा, डोक्याला रुमाल. सेंटरिंग म्हणजे छत ओतायच्या आधी खालून जो फळ्यांचा साचा करतात तो. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. कोरडी फळी काँक्रीटमधलं पाणी पिते, छत कच्चं राहतं; म्हणून ओतण्याआधी फळ्यांना पोटभर पाजावं लागतं. आबांनी गोणपाट उलगडलं. खडू काढला. एकेक गाठ दाखवली, चीर दाखवली, आणि शेवटी जरा पडल्या आवाजात म्हणाले की माल ओला आहे.

गायकवाडांनी फळी हातात घेऊन वजन बघितलं. म्हणाले, "बाबा, चार दिवस कुठं होता?"

भाव ठरला, ट्रक त्यांनीच पाठवायचा ठरला. मी मनातल्या मनात नाचत होते. आबा मात्र विचारत बसले की छत झाल्यावर फळीचं काय करता. गायकवाडांनी न लपवता सांगितलं: काढायची, पुढच्या छताला वापरायची, असं करत करत तुटली की कामगारांच्या चुलीत. आबांचा चेहरा उतरला. त्यांनी जन्मभर फळी कापली ती दाराला, पाळण्याला, देव्हाऱ्याला. वाडीतले आंबे आणि चुलीत? मला भीती वाटली की हा माणूस आता नाही म्हणतो की काय. म्हणालेही असते. खरंच म्हणाले असते.

गायकवाडांना ते दिसलं असावं. ते आम्हाला एक मजला खाली घेऊन गेले. तिथल्या छताच्या फळ्या नुकत्या काढल्या होत्या. "वर बघा," म्हणाले.

वर छतभर लाकूड होतं. म्हणजे सिमेंटच, करडं, थंड. पण त्यावर प्रत्येक फळीच्या रेषा जशाच्या तशा उमटलेल्या. गाठींचे डोळे, मधे फुटलेल्या चिरा, सगळं. खिडकीच्या भोकातून येणारं ऊन त्यावरून सरकत होतं आणि मला वाटलं आपण एखाद्या झाडाच्या पोटात उभे आहोत. आबा लाकडी घोडीवर चढले, हात वर केला आणि तळवा छताला लावून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग एका जागी बोट फिरवून म्हणाले, हा आंबाच. गायकवाड म्हणाले, असेल.

"हे असंच राहतं?"

"दोनेक महिने. मग प्लास्टर होतं."

आबा खाली उतरले.  फक्त ट्रक कधी पाठवता एवढं विचारलं.

परत येताना चेंबूरहून एसटी पकडली. पिशवीत आईनं बांधून दिलेले डबे, घरच्यांसाठी खारी बिस्किटं, आणि माझ्या मांडीवर पहिल्यांदाच काही ओलं नाही. पेणला चहा प्यायलो. आबा वाटभर झोपले.

ट्रक आला, फळ्या गेल्या, आरा राहिला. आबा त्यावर पुढे बरीच वर्षं काम करत होते. ज्याचं त्याला द्यायला ते स्वतः घरोघर गेले आणि मला बरोबर नेलं, मुंबईचं कुणी विचारलं तर सांगायला म्हणून. शेवटचं घर भागीरथीकाकींचं. एकट्या राहायच्या. त्यांच्या दारातला आंबा वाडीत सगळ्यात जुना. त्याच्याखाली बसून त्यांनी आयुष्यभर तांदूळ निवडले होते. आता अंगणात रणरणतं ऊन होतं आणि काकी पडवीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या.

पैसे त्यांनी न बघताच कनवटीला लावले. विचारलं, झाडाचं काय झालं? आबांनी सांगितलं: मुंबईत मोठी इमारत होते आहे, तिच्या छतावर तुमचा आंबा उमटणार, गाठीसकट.

काकी विचारात पडल्या. म्हणाल्या, "खाली राहतील त्यांना दिसंल?"

मला गायकवाडांचं प्लास्टर आठवलं, मी आबांकडे बघितलं. या माणसानं साकीनाक्याला, अंधेरीला, बोरिवलीला, एका ठिकाणी खोट लपवली नव्हती. ते उन्हानं भरलेल्या अंगणाकडे बघत होते.

"दिसंल की," ते म्हणाले. "आडवं पडलं की वर तोच."

"मग बरं," काकी म्हणाल्या. "कुनाच्या तरी डोक्यावर सावली धरून हाय."

घरी येताना आबा माझ्या पुढे चालत होते, मान खाली घालून, भराभर.  मी त्यांना गाठलं नाही, जरा मागेच राहिले.