जायफळाचे वेढे

सांगायला कुणी नव्हतं असं नाही. नवरा आहे. नांदेडला सख्खी बहीण आहे, तिला मी पोटातलं सगळं सांगते — पण हे नाही. अकरा वर्षं झाली. देवापुढेसुद्धा मी हे उच्चारलं नाही. देवापुढे तर मुळीच नाही, कारण तिथे आई शेजारी बसलेल्या असायच्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गेल्या वर्षी गेल्या. म्हणून आता लिहायचं धाडस झालं, असं तुम्ही म्हणाल — म्हणा, खरंच आहे ते. त्या होत्या तोवर झालं नाही.

सुरुवात कुठून करू? घरापासून करते. हैदराबादला विद्यानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट. सासरची मंडळी चार पिढ्यांपासून इथली. सासरे कॉलेजात गणित शिकवायचे, ते माझ्या लग्नाआधीच वारले. घरात आई, नवरा, मी, साडेतीन वर्षांची सई आणि पाच महिन्यांचा ओजस. नवरा सकाळी आठला कुकटपल्लीच्या ऑफिसला निघायचा, तो दिवेलागणीनंतर यायचा. दिवसभर आम्ही दोघी बायका आणि दोन लेकरं.

तक्रार करायला बसलेले नाही. लहान मुलांच्या घरात जे असतं तेच होतं — सईचा नर्सरीचा डबा, बाल्कनीत दुपट्यांची दोरी, एका हातानं ढवळलेली आणि म्हणून खाली लागलेली भाजी. ओजस दिवसा झोपायचा नाही. खांद्यावर मान टाकायचा, पाळण्यात ठेवला की डोळे टक्क उघडे. मी जेवायला बसले की तो उठणार म्हणजे उठणार. सई शेजारी उभी राहून म्हणायची, “आई, बाळाला परत दे ना कुणाला तरी.” मी हसायचे. मनात मात्र तसं काहीसं माझ्याही येऊन जायचं — येतं की नाही? निदान माझ्या यायचं.

पण आईंच्या हातात तो गप्प असायचा. आणि ते मला सहन व्हायचं नाही.

सकाळी नऊला त्या न्हाणीत पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या आणि त्याला पायांवर पालथा घालायच्या. साय आणि डाळीचं पीठ लावून अंग चोळायच्या, मग गरम पाणी. तो रडायचा नाही, हुंकार द्यायचा. अंग पुसून, ओव्याची धुरी देऊन त्याला दुपट्यात गुंडाळलं की मग गुटी. सहाणेवर माझं दोन थेंब दूध घ्यायचं आणि एकेक मुळी उगाळायची. हिरडा, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक — प्रत्येकाचे वेढे ठरलेले. कशाचे दोन, कशाचे तीन, आणि जायफळाचा एक. फक्त एक. सहाणेवरून जायफळ एकदा गोल फिरवायचं आणि उचलायचं.

“जायफळ मुलाला झोप देतं,” त्या म्हणायच्या, “पण एकाचे दोन झाले की झोप नाही गं, गुंगी येते. आयांना मोह होतो, म्हणून हे काम आजीनं करायचं.”

आयांना मोह होतो. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं, मी भिंतीला टेकून उभी असताना. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

त्यांच्या हाताची कीर्ती होती. समोरच्या घरातली तेलुगू सून आपलं बाळ न्हाऊ घालायला आमच्याकडे आणायची. माझी नणंद मीनल बंगळूरला असते, तिला तेव्हा पाचवा महिना लागला होता. ती सातव्यात बाळंतपणाला येणार होती, आणि आईंनी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला घेतली होती. मुलीच्या मुलाला पहिली अंघोळ आपण घालायची — त्यांचं यापलीकडे काही मागणं नव्हतं. ते मला ठाऊक होतं. लक्षात ठेवा, ठाऊक होतं.

तर त्या दिवशी — पण त्या दिवसाआधी माझे केस अकरा दिवस धुतलेले नव्हते. तुम्हाला वाटेल हे काय सांगते आहे ही? पण एवढंच कारण होतं. काही मोठं दुःख नव्हतं, नवरा वाईट नव्हता, सासू तर नव्हतीच. डोकं खाजत होतं, आणि मला दोन तास हवे होते.

दुपारी जेवून आई भजनी मंडळाला गेल्या. सई बाहुलीशी खेळता खेळता फरशीवरच झोपली. ओजस रडत होता. मी सहाण काढली. थोडं दूध घेतलं. जायफळ फिरवायला लागले, आणि — मोजलं नाही. मुद्दाम मोजलं नाही, असं आज वाटतं. दहा झाले असतील, पंधरा, जास्तही. सहाणेवर तपकिरी दाट गंध जमलं. मी ते बोटानं त्याला चाटवलं. त्यानं तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

अर्ध्या तासात तो झोपला. मी सहाण धुऊन जागेवर ठेवली. न्हायले. ताजा भात लावला आणि गरम गरम, तूप घालून, दोन्ही हात मोकळे ठेवून जेवले. मग ओले केस उशीवर पसरून पडले. खोटं कशाला बोलू? फार सुख वाटलं. मुलं झाल्यापासून तितकं निवांत मला कधीच वाटलं नव्हतं.

साडेचारला आई आल्या. “अजून झोपलाय?” म्हणाल्या आणि पाळण्यात वाकल्या. मी स्वयंपाकघरातून त्यांची हाक ऐकली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकली नाही. त्यांनी त्याला उचललं होतं आणि त्याची मान मागे पडली होती. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. हलवलं, पाणी शिंपडलं — डोळे अर्धवट उघडायचा आणि मिटायचा.

सईला समोरच्यांकडे ठेवलं आणि ऑटोनं मुलांच्या दवाखान्यात गेलो. ऑटोवाला पूर्ण रस्ता “घबराओ नक्को अम्मा” म्हणत होता. आई ओजसचे तळवे चोळत होत्या. मी काय करत होते? मी सहाण धुतली का नीट, हे आठवत होते. पोटचं पोर मांडीवर तसं पडलेलं असताना.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, “क्या पिलाए बच्चे कू? सच बोलो, डरो नक्को.”

आईंनी लगेच सांगितलं, “घुट्टी दी मैंने. सबेरे.” आणि एकेक नाव घेतलं. काहीही लपवलं नाही. जायफळाचं नाव आलं तशी डॉक्टर थांबली. “कितना?” आईंना हिंदीत सांगता येईना. त्यांनी आपल्या तळहातावर बोट एकदा गोल फिरवून दाखवलं.

“एकीच? पक्का?”

“एकच,” आई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत मराठीत म्हणाल्या, “एकच दिला ना गं मी?”

डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागली. “उसके बाद कुछ दिए? दुपहर में?”

मी म्हणाले, “नहीं.”

एवढंच बोलले. तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. घाबरले होतेच. पण नीट बघा मी काय केलं — डॉक्टर वेळ विचारत होती, किती विचारत होती, ते माझ्या लेकराच्या जिवासाठी. त्यावर तिचं औषध ठरणार होतं. आणि मी माझी लाज वाचवली. आईंवर अन्याय केला हे तर झालंच, पण त्या घटकेला मी ओजसवरही पाणी सोडलं होतं. तो वाचला हे त्याचं नशीब आणि त्या मुलीची हुशारी. त्यात माझं काही नाही.

सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी तो भुकेनं टाहो फोडून रडला, आणि आई भिंतीला टेकून खाली बसल्या. डॉक्टरनं त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं — ही जुनी खुळं बंद करा, बच्चा जाता जाता बचा. आईंनी खाली मान घालून ऐकलं. तिथेच शेजारी मी उभी होते, धुतलेल्या केसांची वेणी घालून. करून सवरून नामानिराळी.

घरी आल्यावर नवरा त्यांना रागावला नाही. “आई, आता हे पुरे,” एवढंच म्हणाला. त्यांनी गुटीच्या मुळ्या एका फडक्यात बांधल्या आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली. “टाकून दे बाई.” मी दुसऱ्या दिवशी ती कचरेवाल्याच्या गाडीत टाकली. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते.

त्यानंतर त्यांनी ओजसला न्हाऊ घातलं नाही. एकदाही नाही. समोरची सून तिचं बाळ घेऊन दारात आली, तर म्हणाल्या, “नक्को बेटा, मेरे हात का भरोसा नै अब.” स्वतःला मोजता येत नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. आधी फक्त गुटीचं होतं. मग आमटीत मीठ घातलं की मला विचारायला लागल्या, “एकदाच घातलं ना गं मी?” मग गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का. ओजस त्यांच्या पदराला धरून उभा राहायला लागला, तर हाक मारायच्या, “घे बाई हा तुझा,” — पडेल म्हणून, आपल्या हातून काही होईल म्हणून. बासष्ट वर्षांची धडधाकट बाई. नवरा म्हणायचा, वय झालं आता आईचं. वयच असेल. की मी? मला ठरवता येत नाही, आणि इतकी वर्षं मी ते ठरवायला गेलेही नाही.

मीनलचा फोन आला तो मात्र मी विसरू शकत नाही. तिनं बंगळूरलाच, सासरी, बाळंत व्हायचं ठरवलं होतं. “आई, तू ये ना इकडे,” ती म्हणाली — फोन स्पीकरवर होता — “पण बाळाचं काही करू नकोस हं. इथे बाई ठेवली आहे मी.” आई म्हणाल्या, “हौ बाळा, बराबर आहे तुझं.” फोन ठेवून त्यांनी शिवलेली दुपटी घड्या करून पिशवीत भरली आणि ती पिशवी कुरिअर करायला नवऱ्याकडे दिली.

तेव्हा तरी बोलायचं होतं. मीनलला एक फोन, दोन वाक्यं. मी फोन हातात घेतलाही होता. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? नवऱ्यानं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं, मीनल बोलली असती, नांदेडला कळलं असतं. एवढंच. कुणी घराबाहेर काढलं नसतं. एवढंही मला सोसायचं नव्हतं, म्हणून आईंनी सोसलं. त्या बंगळूरला गेल्या, महिनाभर राहिल्या आणि नातवाला लांबून बघून आल्या. मला म्हणाल्या, “छान बाळसं धरलंय,” आणि लसूण सोलायला बसल्या.

ओजस आता सहावीत आहे. त्याला यातलं एवढंच माहीत आहे की लहानपणी आजीच्या औषधानं तो आजारी पडला होता. ती गोष्ट घरात हसत सांगतात. मीही सांगितली आहे, पाहुण्यांना.

आता राहिलेलं सांगते. खरं तर हेच सांगायचं होतं, बाकीचं त्याच्यासाठी होतं.

आई जायच्या आठवडाभर आधीची दुपार. त्या अंथरुणावर होत्या, मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. अर्धी वाटी झाल्यावर त्यांनी चमचा अडवला. म्हणाल्या, “एक बोलायचं राहिलंय. ओजसच्या वेळी माझ्या हातून ते झालं, आणि तू मला उभ्या जन्मात एका शब्दानं टोचून बोलली नाहीस. मीनल पोटची, ती बोलली. तू नाही. माझं चुकलं गं. माफ कर मला.”

आणि त्यांनी हात जोडले. सासूनं, सुनेला.

खोलीत आम्ही दोघीच होतो. मुलं शाळेत, नवरा ऑफिसात. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली घेतले, चांगल्या सुनेनं घ्यावेत तसे, आणि म्हणाले, “असू द्या आई. मी ते कधी मनात धरलं नाही.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि उरलेली पेज संपवली. मी त्यांना माफ केलं होतं.