धुळ्यात नारळ वाजला तो रविवार

खानदेशातल्या कान शाबूत असलेल्या मित्रांनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे. नवं काही ऐकायचं तर आपण पुण्याची गाडी धरायची. सभागृहं आपल्याकडेही आहेत, पण त्यांत सत्कार होतात, माझ्यासारख्यांची भाषणं होतात आणि उरलेले दिवस कुलूप असतं. म्हणून धुळ्याची वैशाली स्वतःच्या गावात वाजवणार हे कळताच मी रविवारी सकाळी जळगावहून एसटी धरली.

रस्ता आता रुंद झालाय. पारोळ्याला चहा घेऊनही अडीच तासांत धुळं. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. रस्सा असा की नाक वाहायला लागलं. जाणं-येणं आणि खाणं सहाशे रुपयांत बसतं.

वैशालीचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ती पेटी-तबला वाजवत नाही. सरकी भरलेलं सूप, पत्र्याचा डबा, सायकलचं चाक यांना बटणाएवढे माइक चिकटवते आणि त्यांतले बारीक आवाज मोठे करून एकमेकांत विणते. आजवर तिचे सगळे कार्यक्रम बाहेरगावी झाले. सभागृहाचे कारभारी नाना यांनी अट घातली होती : लोक शेवटपर्यंत बसले, तर दर महिन्याचा पहिला रविवार तुझा. उठून गेले, तर पुन्हा विचारायचं नाही.

दुपारी चारला साठेक माणसं होती. सुपात सरकी फिरू लागली, घरघर भरून आली. माझ्या पुढे बसलेल्या एक अक्का शेजारणीला म्हणाल्या, "काय करी राहिनी वं ती पोर? पाखडस का?"

"माइक तपासी राहिनी. गानं मंग व्हई."

मग वैशालीने सगळं थांबवलं. रचनेतच अर्धा मिनिट शांतता होती. पण आपल्याकडे शांतता म्हणजे कार्यक्रम संपला! टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. नाना शाल-श्रीफळ घेऊन मंचावर चढले, लोक चपला शोधू लागले. वैशालीचा चेहरा उतरला.

शाल खांद्यावर पडली. तिने नारळ घेतला आणि आपण दुकानात हलवतो तसा सवयीने कानाशी हलवला. क्षणभर थांबली. मग त्यालाच माइक चिकटवून पुन्हा हलवला.

आतलं पाणी साऱ्या सभागृहात डचमळलं. दारापर्यंत गेलेले थबकले. अक्का ओरडल्या, "पानी शे वं मझार! नारळ चांगला शे!"

हशा पिकला. वैशालीने तोच आवाज घोळवला, लांबवला, त्यावर सरकी ओतली. आता तीच घरघर पाटाला पाणी सुटल्यासारखी वाटू लागली. लोक परत बसले. पुन्हा शांतता आली तेव्हा अक्कांनी शेजारणीचा टाळीसाठी उठलेला हात दाबला. "थांब, आजून शे."

शेवटी नाना म्हणाले, "पोरी, पहिला रविवार लिखी टाक. पन नारळ परत दे, उद्याना सत्कारले लागी."

आठच्या आत घरी पोहोचलो. बायको म्हणाली, "एखादी चाल गुणगुणा ना." गुणगुणण्यासारखं काही नव्हतंच, तरी मन भरलेलं होतं. भाषणात शांतता पडली की मी घाईने शब्द कोंबतो. त्या साठ माणसांनी तीच शांतता दुसऱ्या खेपेला नीट ऐकली. आपल्या लोकांना नवं कळत नाही असं म्हणणाऱ्याला यापुढे मी भर सभेत खोटा ठरवीन.

तुमच्या गावातही एक कुलूपबंद सभागृह असेल. या आठवड्यात त्याच्या कारभाऱ्याकडे जा आणि एका रविवारच्या दुपारसाठी लेखी अर्ज द्या.