इवाईबुवांची गाडी

देवराव गिरडकरांना नापसंतीचा पगार मिळतो असं मी म्हणालो की ते चिडतात. पण त्यात खोटं काय आहे? हिंगण्याच्या एका कारखान्यात ते तयार मालाची तपासणी करतात. दिवसभर एकेक लोखंडी भाग हातात घ्यायचा, उलटापालटा करायचा, कडेवरून बोट फिरवायचं आणि खोट सापडली की बाजूला टाकायचा. मी तिथेच पॅकिंगला आहे आणि कित्येक वर्षांपासून त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून कामावर जातो. त्यामुळे त्यांचं हे वेड कारखान्याच्या गेटवर थांबत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. बाजारात वांगं घेतील तर देठ उचलून पाहतील, नारळ कानाशी धरून हलवतील. मुलीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा दाराबाहेर काढलेल्या मुलाच्या चपलांचे तळवे तपासून आले होते. रुख्मिणीवहिनी म्हणतात, "मले कसं पास केलं या माणसानं, देवच जाणे."

आणि अशा माणसाने एक पेढा खाऊन स्वतःची पुरती पंचाईत करून घेतली.

त्यांची एकुलती एक मुलगी भूमिका काटोलला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण झालं की तिला नागपूरला आणायची होती. दवाखाना धरमपेठेत ठरला होता, आणि तपासणीला सारखं जावं लागणार होतं. अशा पोरीला मोटरसायकलवर कोण बसवेल? देवराव जुनी गाडी शोधू लागले. त्यांना चालवता येत नाही, मला येते, त्यामुळे मीही आपोआप त्या शोधात ओढला गेलो. ही गोष्ट काटोलला समजली आणि भूमिकेचे सासरे चंपतराव यांचा फोन आला. त्यांचा धंदाच जुन्या गाड्यांचा, अमरावती रोडवर मोठं आवार आहे. "इवाईबुवा, घरची गाडी असताना बाहेर काहून फिरून राहिले?" व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि मुलीच्या बापाने इवायाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. ही पद्धत कोणी पाडली तो मला भेटायला हवा आहे.

आम्ही गेलो. पांढरीशुभ्र गाडी होती, आरशासारखी पुसलेली. चंपतरावांनी काही लपवलं नाही, हे मी कबूल करतो. "समोरून ठोकली होती. दुरुस्तीचा खर्च लय निघाला, म्हणून विमा कंपनीनं टोटल लॉस केली आन् मालकाले पैसे देऊन मोकळी झाली. आपण लिलावात उचलली, आपल्या मिस्त्रीकडून नवी करून टाकली. बाहेर अशी गाडी या भावात दाखवा मले."

देवरावांनी सवयीने गुडघा टेकला आणि गाडीखाली पाहायला वाकले. चंपतराव हसले. "काय जी इवाईबुवा, आमच्या गाडीखाली वाकून पाहून राहिले? आमच्यावर भरोसा नाही काय?" तिथे बसलेले चारचौघंही हसले. देवराव उठले आणि त्यांनी पँटचा गुडघा झटकला. तेवढ्यात चंपतरावांनी डब्यातला पेढा उचलून त्यांच्या तोंडात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं! गाडी इवायाले दिली." तोंड गोड झालं म्हणजे सौदा पक्का, त्यावर आणखी बोलायचं नसतं. देवराव पेढा चावत राहिले. मी डोळ्यांनी सांगत होतो, थुंका तो पेढा. पण ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

मग चावी माझ्या हाती आली. गाडी सुरू करण्याआधी चावी अर्धी फिरवली की समोरचे सगळे छोटे दिवे लागतात आणि थोड्या वेळाने एकेक विझतात. गाडी त्यातून आपली तब्येत सांगते. देवराव महिनाभर गॅरेजवाल्यांना विचारत हिंडले होते, त्यांना ते माहीत होतं. ते माझ्या खांद्यावरून पाहत होते. मी चावी फिरवली. तेलाचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, ब्रेकचा लागला. एअरबॅगचा लागलाच नाही. मी पुन्हा फिरवली, तरी नाही. धडकेत त्या हवेच्या पिशव्या फुटल्या असतील, नव्या बसवायला फार खर्च येतो, म्हणून बसवल्याच नसतील. आणि नुसताच जळत राहून बोंब मारू नये म्हणून तो दिवाही काढून टाकला असेल. इंजिन मस्त चाललं होतं. मी देवरावांकडे मान वळवली.

"बोला न," मी कुजबुजलो.

"काय बोलू गा?" ते म्हणाले. "पोरगी त्यायच्या घरी हाय."

परतीच्या रस्त्याने मी त्यांना नाही नाही ते बोललो. कारखान्यात एवढासा चरा दिसला की माल परत, आणि इथे एवढी मोठी खोट गिळून बसले! घरी मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या पोळी लाटत होत्या, लाटणं थांबलं.

"नाही म्हटलं तं उद्यापासून पोरीलेच तिथं ऐकावं लागन," त्या म्हणाल्या.

"आन् हो म्हटलं तं?" देवरावांनी विचारलं.

"हो म्हटलं तं ती त्यातच बसन." एवढं बोलून त्या पदराने डोळे पुसायला लागल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. देवरावांचं जेवण तुटलं. कामावर एकदा त्यांनी चांगला माल बाजूला टाकला आणि साहेबाचं ऐकून घेतलं. काटोलला फोन लावायचे, सांगायचं म्हणून घसा खाकरायचे आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. एकदा भूमिकाच बोलली. मी शेजारी होतो, आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "बाबा, मामाजी सगळ्यायले सांगून राहिले, इवायानं आपली गाडी घेतली म्हणून. तुम्ही आता काही बोलू नका. घेऊन घ्या." सासऱ्याला ती मामाजी म्हणते. पोरीच्या आवाजात आनंद नव्हता. एरवी ही पोरगी बापाशी बोलताना थकत नाही.

डोहाळजेवणाला देवराव, वहिनी आणि मी बसने काटोलला गेलो, कारण परत 'आपल्या' गाडीने यायचं होतं. मी जाताना ठरवलं होतं, यांना जमत नसेल तर मी तोंड उघडेन. देवरावांनी ते ओळखलं आणि बसमध्येच मला शपथ घातली. आत बायकांची गाणी चालली होती, हिरव्या साडीत भूमिका फुलांनी मढली होती. अंगणात ती पांढरी गाडी उभी होती. तिलाही हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती. पाहुणे तिच्याभोवती फिरून तारीफ करत होते. मला त्या गाडीला लाथ घालावीशी वाटली.

निघायची वेळ झाली. चंपतरावांनी सगळ्यांसमोर चावी देवरावांच्या हातावर ठेवली. देवरावांनी ती कपाळाला लावली आणि खिशात टाकली. संपलं, मी मनात म्हणालो. आता ही गाडी मीच चालवणार, आणि काटोलपासून नागपूरपर्यंत समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला यम दिसणार.

भूमिका दाराच्या पायऱ्या उतरत होती. देवराव तिच्याकडे पाहत होते. एकाएकी त्यांनी खिशात हात घातला आणि चावी बाहेर काढली.

"इवाईबुवा, एक विनंती हाय."

"बोला न जी."

"गाडी तुम्ही चालवा. पार नागपूरपर्यंत नाही, गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यापर्यंत. तुमच्या सुनेले बाजूले बसवा. मागं तिले मळमळते."

चंपतराव हसले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अरे, हे आनंदराव हाय न चालवाले. शुभ वेळ हाय, निघा."

"तुम्हीच चालवा." देवरावांचा हात पुढे तसाच होता. "तुमची सून हाय, तुमचाच नातू हाय. तिले समोर बसवून तुम्ही मोठ्या रस्त्यावर नेली का, गाडी माझी. पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

विहीणबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. जावई सौरव आपल्या बापाकडे पाहत होता. चंपतरावांनी चावी घेतली. ताठ चालत गेले, पुढचं दार उघडलं, भूमिकेला या म्हणाले. ती दोन पावलं पुढे आली. देवराव हलले नाहीत, पण त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते.

चंपतरावांचा हात दारावर होता. ते एकदा सुनेकडे आणि एकदा तिच्यासमोरच्या त्या चकचकीत डॅशबोर्डकडे पाहत राहिले. मग त्यांनी दार लावून टाकलं.

"सौरव, आपली गाडी काढ रे," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. "हिचा एसी बरोबर नाही. पोरीले तरास होईन."

"हो जी, उन्ह लय हाय आज," देवराव लगेच म्हणाले.

चंपतरावांनी चावी आपल्या खिशात टाकली. "ही राहू द्या. दुसरी पाहू तुमच्यासाठी." त्यांचं तोंड उतरलं होतं. त्या क्षणी मला त्यांची थोडी दयाही आली, आणि ती आली म्हणून माझाच मला राग आला.

सौरवने गाडी चालवली. भूमिका पुढे, पट्टा पोटाच्या खालून नीट लावलेला, आम्ही तिघं मागे. कळमेश्वरला सौरव पाणी आणायला उतरला, तेव्हा भूमिकेने मान वळवली.

"बाबा, त्या गाडीत एअरबॅग नव्हती. सौरवनं मले कवाच सांगितलं होतं."

"आन् तू बोलली काहून नाही वं?" वहिनी ओरडल्याच.

"बाबाले मामाजीसमोर खाली पाहावं लागलं असतं. मी म्हटलं, बसून जाईन. एवढासा तं रस्ता हाय."

बाप लेकीसाठी गप्प, लेक बापासाठी गप्प, आणि त्यात पोटातल्या जिवाला विचारणारं कोणी नाही! दोघांच्याही कानाखाली एकेक ओढावी असं वाटलं आणि माझेच डोळे भरून आले. देवरावांनी सीटवरून हात पुढे नेला आणि लेकीच्या केसांतल्या फुलांवर ठेवला.

"मी बी गाडी घेतलीच होती, माय," ते म्हणाले. "चावी खिशात टाकली होती मी. पायरी उतरताना तू पोटाले हात लावला, तवा काढली."