मागच्या गाडीची माणसं

नांदगावला मी खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचा प्रवास फारच देखणा वाटेल.

तेव्हा इंटरनेटवर आम्हा खो-खोवेड्यांचा एक ग्रुप होता. मी त्याचा चालक, म्हणजे नाशिकच्या सायबर कॅफेत बसून सगळ्यांना शाबासकी वाटणारा. नांदगावजवळच्या एका खेड्यातल्या मुली अंतिम सामन्यात पोचल्या, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक सुमनताईंनी ग्रुपवर लिहिलं, ‘गावातलं कुणी बघायला येत नाही. तुम्ही याल?’ धडाधड उत्तरं आली. ‘येणारच!’ ‘जीव गेला तरी!’ मीही कळवून टाकलं, रेल्वेचा अख्खा डबा भरून येतोय.

नाशिकरोडला तो डबा मी एकट्यानेच भरला. बाकीच्यांचा जीव शाबूत असावा. माझ्या काखेत दोघांनी धरायचा लांबलचक बॅनर होता: ‘आम्ही तुमच्यासोबत!’ मनमाडला समोरच्या आजोबांनी विचारलं, “नवरदेव, वऱ्हाड कुठंय?”

नांदगावच्या मैदानाकडेला मुलींच्या आयांनी चूल मांडली होती. कळण्याच्या भाकरी (ज्वारी-उडदाच्या), ठेचा आणि पातेलंभर शेवभाजी. सगळं आमच्यासाठी.

“बाकीचे?” सुमनताईंनी विचारलं.

“मागच्या एक्स्प्रेसनं येतायत.”

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. “बरं. तुम्ही तरी जेवा, भाऊ.”

कर्णधार वैशालीची आई भाकरी वाढत म्हणाली, “दीर लय बोलत्यात, हिचा खेळ बघतंय कोण? म्हनलं, आज शहरातनं मानसं येनार हायेत, या बघायला.” दीर आले होते. मैदान सोडून आमच्यासाठी राखलेली रिकामी रांग बघत होते.

मी तीन भाकरी खाल्ल्या. गर्दी दिसायला तेवढीच मदत. बॅनरचं दुसरं टोक वैशालीच्या आईनेच धरलं.

वैशाली सुरेख पळत होती. मग तिनं एकदा मैदानाच्या फाटकाकडे पाहिलं आणि तेवढ्यात बाद झाली. सामना एका गुणानं गेला.

परतीला ती आणि ताई मला स्टेशनवर सोडायला आल्या. आम्ही बाकावर बसलो आणि एक एक्स्प्रेस धडधडत, न थांबता निघून गेली.

“काका, तुमची ती मागची एक्स्प्रेसबी इथं कधीच थांबत नाय,” वैशाली म्हणाली.

“तुला ठाऊक होतं?”

“समद्यांनाच.”

“मग फाटकाकडं का बघत होतीस?”

“वाटलं, आज थांबली आसंल.”

ग्रुपवर असतो तर एखादं हसरं चिन्ह टाकून सुटलो असतो.

“वैशाली, कुणीच येणार नव्हतं. मी खोटं बोललो. चुकलो, बाळा. मला माफ कर.”