आईच्या भिंतीचा निळा

मैत्रिणींनो, आज मी बालवाडीत एका पोरीचा हात धुतला आणि अजून पस्तावतेय.

गारखेड्यातल्या आमच्या बालवाडीत आज पोरांना रंग मिसळायला शिकवत होते. पिवळ्यात निळा टाकला, हिरवा झाला, सगळे खूश! चार वर्षांची सई मात्र निळ्यात पांढराच घालत बसली. जरासा घालायची, मनगटावर ठिपका द्यायची, फुंकर मारून वाळवायची.

माझी आई अगदी असंच करायची. दिवाळीआधी भिंतींसाठी चुन्यात नीळ कालवायची आणि हातावर ठिपका वाळवून बघायची. "वाळल्यावरच खरा रंग कळतो," म्हणायची. ती गेली, मग भावानं घराला ऑइलपेंट दिला. तो निळा मी लई दुकानांत शोधला, नाय मिळाला.

सुट्टीआधी रंगाच्या वाट्या विसळल्या, पोरांचे हात धुतले. सईच्या मनगटावर पाणी ओतलं आणि वाळलेला ठिपका दिसला. तोच निळा! बघेपर्यंत वाहून गेला.

"सई, पांढरा किती घातलास गं?"

"मला काय माहीत, बाई? तुम्हीच धुतला ना!"

ज्यांची आई आहे त्यांनी आजच विचारा, बादलीभर चुन्यात नीळ किती घालायची. मलाही सांगा.