पिकअपमधून प्रकाशाच्या पुढे

‘अब्बांनी यान बनवलंय, तू येच!’ शबानाचा फोन आला आणि मी पुण्याहून बारामतीची पहाटेची एसटी पकडली. शबाना माझी कॉलेजची मैत्रीण, नरसिंहपूरला विज्ञान शिकवते. प्रकाशापेक्षा वेगानं जाणाऱ्या पहिल्या यानावर तिनं शाळेच्या संमेलनासाठी नाटक लिहिलंय. ते यान पोचवायला मी तिच्या अब्बांसोबत निघणार होते.

बारामती एमआयडीसीतल्या शेडमध्ये तिच्या अब्बांनी, उस्मानचाचांनी, चाळीस वर्षं दुधाच्या टाक्याच केल्या. उरलेल्या स्टीलच्या पत्र्यातून आता हे केलं: चकचकीत, टोकदार, एक बाजू उघडी, तीन मुली मावतील एवढं.

‘जलमात पहिल्यांदा टाकी सोडून काय तरी केलंय,’ चाचा म्हणाले. ‘एकानं तरी ह्याला यान म्हणावं, बास.’

यान पिकअपवर चढवून निघालो, पिंपळीत चहाला थांबलो. टपरीवाला म्हणाला, ‘चाचा, नवा टँकर व्हय?’ चाचांचं तोंड एवढंसं झालं. मी वाकून पाहिलं, तर यानाच्या बुडाला चक्क दुधाची तोटी! सवयीनं बसवलेली. चाचांनी पान्हा काढला, तोटी सोडवली नि माझ्या हातात कोंबली. ‘ठिव पिशवीत. कुणाला दावू नगंस.’

इंदापुरात मासे खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. उजनीचा ताजा मासा, भाकरी, ठेचा, दोनशेत पोटभर. पण तिथंही वाढप्यानं विचारलंच, ‘कुठल्या डेअरीचा?’ चाचांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. मला असा राग आला त्या माणसाचा!

नरसिंहपूरचं देऊळ बघा, नीरा-भीमेचा संगम बघा. आमचा मात्र सगळा जीव शाळेच्या पटांगणात. नाटक रंगलं. कप्तान झालेली आरती ओरडली, ‘प्रकाश मागे पडला!’ आणि पायात मोजे घातलेल्या तिघी पोरी उभ्या उभ्या सर्रकन मागं घसरल्या.

चाचांनी कपाळावर हात मारला. ‘या अल्ला! तळाला उतार दिला मी. दुधाचा शेवटचा थेंब निघाया पायजे म्हणून!’

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक आबा खुर्ची घट्ट धरून ओरडले, ‘आरं, सुटलं की यान! धरा पोरींनू!’

टाळ्याच टाळ्या. चाचा रडले. मी काय मागे राहते होय?

परतीला इंदापूरहून पुण्याच्या गाड्या भरपूर मिळतात. चार दिवस झाले, तोटी माझ्या टेबलावरच आहे. काल दूधवाले काका दारातूनच म्हणाले, ‘टँकरची दिसतेय.’

‘न्हाय,’ मी म्हणाले, ‘यानाची हाय.’